हे कुणी वाचलं?

अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आमच्या सत्कारमूर्ती बाई, आणि पंखा बंद असलेल्या बाजूलाही निमूटपणे बसलेले श्रोतेहो,

बाई पेशाने फार्मासिस्ट. पंधरा वर्षं त्यांनी आमचा हा बिनपगारी उद्योग सांभाळला, आज त्या निरोप घेताहेत. पाहुण्यांसाठी सांगतो: मुलाचं वजन घातलं की औषध किती द्यायचं ते सांगणारं सॉफ्टवेअर आम्ही मिळून लिहितो. मोफत आहे. आतला कोड कुणीही पाहावा, कुणीही सुधारावा. आता, जो सुधारू शकतो तो बिघडवूही शकतोच. म्हणून एकाने लिहिलेलं दुसऱ्याने तपासायचं आणि खाली 'वाचलं' असं लिहायचं, ही पद्धत. पूर्वी तिथे नाव घालत नसू. सगळी भली माणसं. भल्या माणसांना जाब कोण विचारतो?

दहा वर्षांपूर्वी एका बदलात दशांशचिन्ह गळलं. साडेसात किलोचं बाळ पंचाहत्तर किलोचं झालं. एका नर्सबाईंना आकडा खटकला, त्यांनी बाटली परत कपाटात ठेवली, म्हणून निभावलं.

पुढच्या शनिवारी ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत बाईंनी एवढंच विचारलं, "हे कुणी वाचलं?"

आम्ही सात जण. सातही जण आपापल्या कीबोर्डकडे बघत बसलो. कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या बाई, सगळ्यांचीच नजर चुकली."

"सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही," बाई म्हणाल्या. मग चुकांची नोंद ठेवायच्या आमच्या जाहीर पानावर, जबाबदार म्हणून त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं आणि चहा मागवला. दुसऱ्या दिवसापासून 'वाचलं'पुढे नाव सक्तीचं झालं. मघाशी अध्यक्षांनी ज्या शिस्तीचं कौतुक केलं, ती अशी आली.

तो बदल लिहिला होता माझ्या मेव्हण्यांनी. तिसऱ्या रांगेत बसलेत. त्यांनी मान खाली घालायचं कारण नाही, लिहिणाऱ्याच्या हातून चुका होतातच. खाली 'वाचलं' लिहिणारा मी. वाचलं मात्र नव्हतं. बहिणीच्या नवऱ्याच्या कामात खोट काढून तिच्याकडे कुठल्या तोंडाने जेवायला जायचं, असा माझा हिशेब.

त्या एका ओळीपायी बाईंना त्यांच्या हॉस्पिटलात लेखी खुलासा द्यावा लागला आणि त्या वर्षीची बढती हुकली. मला हे तेव्हाच कळलं होतं. तरी मी दहा वर्षं मूग गिळून बसलो, याची मला लाज वाटते.

आज सकाळी मी त्या पानावरचं बाईंचं नाव काढलं, माझं घातलं, आणि बदल त्यांच्याकडे मंजुरीला पाठवला. म्हटलं, निरोपाची भेट. दुपारी तो परत आला. शेरा होता: "कारण लिहिलेलं नाही."

बाई, कारण सांगून झालं. मंजुरीआधी मेव्हण्यांकडूनही खात्री करून घ्या.

सभागृह देणाऱ्या ग्रंथपालांचे, अध्यक्षांचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही चुकलं असेल, तर कृपा करून पोटात घालू नका. पानावर लिहा. पुढे नाव माझं घाला.