पाचवी ओळ

बोलू नका. अहो, बोलू नका म्हणते ना — ओठ हलले की पॅकला भेगा पडतात, आणि तुमच्या चेहऱ्यावर रेघांची काही कमतरता नाहीये, उगाच आणखी कशाला? वीस मिनिटं. घड्याळ मी बघतेय. तुम्ही नुसतं पडून राहा, डोळ्यांवरचा कापूस हलवू नका. होय असेल तर एक बोट उचला, नाही असेल तर दोन, बास. — तर क्रूझ! आठ दिवसांची म्हणालात ना? पहिल्यांदाच? — दिसलं बोट. बरं झालं आधी इथे आलात. त्या तिकीटवाल्याचं काही ऐकू नका, त्याने जहाज चित्रातच पाहिलंय, मी जाऊन आलेय. मी आणि ताई, मागच्या वर्षी. — काय? ताई? अहो, आल्या आल्या विचारलंत तेव्हाच सांगितलं ना, गुडघे. जिना उतरवत नाही तिला. वरच्या खोलीत असते, आराम करते. आता पडा गप्प.

पहिली गोष्ट — केबिन. बाल्कनीवाली घेतलीत का बिनखिडकीची? — दोन बोटं? म्हणजे खिडकीसुद्धा नाही? हे बघा, बिनखिडकीची केबिन म्हणजे कपाट. दिवा घालवला की स्वतःचा हात दिसत नाही, सकाळ झाली का रात्र हे समजायला बाहेर जाऊन कुणालातरी विचारावं लागतं. त्यात तुमचे यजमान घोरतात. मला कसं माहीत? तुम्हीच सांगितलंत मागे, केस रंगवताना. माणसं केस रंगवताना काय वाट्टेल ते सांगतात. आठ दिवस त्या कपाटात तो आवाज ऐका, मग मला येऊन सांगा समुद्र कसा होता ते. आणि पोहण्याचा पोशाख — घेतलात? घेतलात! या वयात? असू दे, असू दे. तिथे तुमच्यापेक्षा जाड बायका असतात, त्यांच्या शेजारी बसत जा म्हणजे झालं.

जेवण फुकट आहे म्हणून तुटून पडू नका. पहिल्या दिवशी सगळे तेच करतात, थाळीवर डोंगर, आणि दुसऱ्या दिवशी जहाज जरा डुललं की सगळ्यांचे चेहरे हिरवे. गोळी आधी घ्यायची, उलटी व्हायला लागल्यावर नाही. बंदरावर उतरलात तर जहाजाच्या घड्याळाने परत या, गावाच्या नाही. जहाज कुणासाठी थांबत नाही. आमच्या वेळी एक नवराबायको राहिले मागे — धक्क्यावरून पळत येत होते, हातात पिशव्या, आणि आम्ही सगळे वरून कठड्याला टेकून बघतोय. काहीजण टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. ताई तेवढी रडायला लागली, परक्या माणसांसाठी! तिचं असंच.

तसं तिला नेलं मीच हो. माझ्याच पैशांनी. लोकांना वाटतं मी तिचं काही केलं नाही. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची, ताई वीसची. तिने लग्न केलं नाही, एक खुर्ची आणि एक आरसा घेऊन हे पार्लर काढलं, मला कोर्सला घातलं, मी शिकून आले तर बाहेरच्या पाटीवर माझं नाव लावलं — स्वतःचं नाही, माझं. आणि मग? तीस वर्षं मी या दारात उभी राहून काय ऐकतेय? 'ताई आहेत का?' 'ताईंचा हात हलका आहे हो.' 'घाई नाही, ताई मोकळ्या होईपर्यंत थांबते.' मी डिप्लोमावाली, आणि माझ्या खुर्चीत कोण? ज्यांना घाई आहे ते. तुम्हीसुद्धा. लग्नाच्या दिवशी तुम्हाला ताईनेच तयार केलं होतं ना? आठवतं मला. मी पिना धरून उभी होते.

मला वाटलं, जहाजावर तरी तिला कोण ओळखतंय? तिथली भाषा तिला येत नाही, अक्षर वाचता येत नाही. मला येते — मोडकी का होईना, येते. तिथे मी पुढे आणि ती मागे, आठ दिवस तरी. — आणि काय झालं सांगू? जेवायला टेबल ठरलेलं असतं, आठ माणसं, रोज तीच. दुसऱ्या दिवशी एका म्हातारीचा अंबाडा वाऱ्याने सुटला, ताई उठली, न विचारता तिच्या मागे उभी राहिली आणि दोन मिनिटांत असा बांधून दिला की टेबलावरच्या बायका बघतच राहिल्या. झालं! तिसऱ्या दिवसापासून आमच्या केबिनच्या दाराशी रांग. भाषा नाही, काही नाही, नुसते हातवारे आणि हसणं. जहाजावरही माझ्या हातात पिना! सहाव्या दिवशी ती म्हातारी — कुणा मोठ्या जजची बायको होती — मला विचारते, 'तुम्ही यांच्याकडे किती वर्षं कामाला आहात?' ताईने माझ्याकडे बघून हसून मान डोलावली. तिला वाटलं काहीतरी चांगलं बोलल्या माझ्याबद्दल. भाषा कळली नव्हती तिला, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मला असा राग आला — असा राग आला की ताट तसंच टाकून उठले मी.

मिनिटं? बारा झाली. पडा.

आता नीट ऐका, हे तिकीटवाला सांगत नाही आणि पहिल्यांदा जाणारे हमखास इथेच फसतात. शेवटच्या संध्याकाळी खोली आवरणारा पोरगा उशीवर एक कागद ठेवून जातो. बॅगा आदल्या रात्रीच द्यायच्या असतात. केबिनच्या बाहेर ठेवायच्या, रात्रीतून ते लोक घेऊन जातात, आणि मग त्या तुम्हाला मिळतात त्या थेट खाली, धक्क्यावरच्या मोठ्या हॉलमध्ये, जहाज सोडल्यावर. मध्ये काही मिळत नाही. आलं लक्षात? — एक बोट. हुशार आहात. आमच्या कागदावर पाच ओळी होत्या. एक, रात्री अकराच्या आत बॅगा दाराबाहेर. दोन, बॅगेला रंगीत चिठ्ठी बांधा. तीन, नाश्ता सहापासून. चार, आठ वाजता केबिन सोडा. ताई म्हणाली, वाच गं काय लिहिलंय. मी वाचलं. चार ओळी वाचल्या.

पाचवी काय? पाचवी अशी होती, की उद्या सकाळी घालायचे कपडे आणि चपला बॅगेत भरू नका.

ताईची बॅग भरणं तुम्ही पाहायला हवं होतं. घडीवर घडी, मोज्यांत मोजे, रुमालसुद्धा कडेने बसवलेले. माझीही बॅग तिनेच भरली, मला घड्या जमत नाहीत म्हणून. माझा जांभळा ड्रेस मी आधीच बाथरूमच्या दारामागे टांगून ठेवला होता, टॉवेलखाली, आणि बूट कमोडच्या मागे. तिने विचारलंसुद्धा, तुझा जांभळा कुठाय गं? म्हटलं, भरला मी. गाऊन घालून झोपली बिचारी, बॅगा बाहेर गेल्या, आणि मी अंधारात जागी राहून ऐकत होते — तो पोरगा येतो, बॅगेची चाकं वाजतात, लांब जातात. अजून उठून ओरडले असते तर थांबला असता तो. नाही ओरडले.

सकाळी तिने कपाट उघडलं. बंद केलं. परत उघडलं. पलंगाखाली वाकून बघितलं. तोवर मी जांभळा ड्रेस घालून लिपस्टिक लावत होते. म्हणाली, 'अगं, माझे कपडे?' मी म्हटलं, 'अगं बाई! सगळेच भरलेस की काय?' अहो, ताई म्हणजे — तुम्ही तिला कधी चुरगळलेल्या कपड्यात पाहिलंय? केराची पिशवी ठेवायला जायचं तरी केस बांधून, इस्त्रीचं घालून जाणार. आणि तो गाऊन! फुलाफुलांचा, धुऊन धुऊन विटलेला, काखेत ठिगळ. माझे कपडे तिला होत नाहीत, आणि होते तरी एवढाच ड्रेस. खोलीवाल्या पोराला दया आली, त्याने जहाजाचा पांढरा झगा आणून दिला. तो गाऊनवर चढवून ती जहाजातून उतरायच्या दारापर्यंत गेली आणि तिथल्या माणसाने थांबवलं — झगा जहाजाचा आहे, बाहेर नेता येत नाही. त्याने हात पुढे केला आणि तिने तो तिथेच, दोन हजार माणसांच्या रांगेत, काढून दिला.

कोणी हसलं नाही. ती जजची बायको होती रांगेत, ताईने सकाळ-संध्याकाळ जिचा अंबाडा बांधला ती — तिने नजर समुद्राकडे वळवली. सगळ्यांनीच वळवली. ताई दोन्ही हात छातीशी धरून चालली, पायात केबिनमध्ये फुकट ठेवतात त्या कागदी सपाता, एक वाटेत फाटली. आणि मी? मी दहा पावलं मागे राहिले. आम्ही बरोबर आहोत असं कोणाला वाटायला नको म्हणून. हॉलमध्ये बॅगा रंगाप्रमाणे लावतात, आमचा रंग सगळ्यात शेवटी आला. तासभर उभी होती ती तशी, भिंतीला पाठ लावून. छान वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोलू? हॉलमधून बाहेर पडेपर्यंत छान वाटत होतं.

तिला कळायचं कारण नव्हतं. पण बाईसाहेबांनी आठवण म्हणून तो कागद जपून आणला होता — वर जहाजाचं चित्र होतं ना! इथे आल्यावर एक दिवस गेली खाली औषधवाल्याकडे, म्हणाली, माझ्या धाकटीने वाचून दाखवला होता, तुम्ही पण वाचा, गंमत. त्या शहाण्याने सगळा वाचला. ती परत आली, कागद इथे, या काउंटरवर ठेवला, आणि एवढंच म्हणाली, 'पाचवी राहिली होती गं.' वर गेली. अकरा महिने झाले. दाराशी ताट ठेवते, रिकामं ताट बाहेर येतं. दार वाजवलं तर उघडत नाही. मी कितीदा — जाऊ दे. गुडघे म्हणून सांगते सगळ्यांना. लोकांना काय, त्यांना पटतं.

आणि हे तुम्हाला का सांगतेय? कारण तुमच्या नणंदबाई येतायत ना बरोबर? ज्यांचं घरात सगळे ऐकतात आणि तुमचं कोणी नाही? त्यांनाही ती भाषा वाचता येत नाही, तुम्हीच म्हणालात. तर शेवटच्या संध्याकाळचा तो कागद — तुम्हीच वाचून दाखवा. काही करावं लागत नाही हो. एक ओळ गिळायची, एवढंच. हा माझा खास सल्ला, सगळ्यांना देत नाही.

अहो — अहो, कापूस का काढला? सतराच झालीत, अजून तीन मिनिटं — उठू नका! बघा, गालावर तडकला पॅक! चष्मा राहू दे, आधी — कुठे निघालात? दार इकडे आहे. तो जिना वरचा आहे. अहो, तशा कुठे जाताय, तोंडाला चिखल, डोक्याला फडकं, गळ्यात टॉवेल, आरशात बघा तरी स्वतःला! जिन्याच्या खिडकीतून सगळा रस्ता बघतोय तुम्हाला! — वाजवा, वाजवा दार. वाजवून काय होणारे? मी वाजवते रोज. ती कोणाला —

उघडलं?

नाही, वाऱ्याने हललं असेल. — बोलतायत. काय बोलताय? अहो, मोठ्याने बोला, इथे ऐकू येत नाही! हे सगळं मी गमतीत सांगितलं म्हणावं तिला, गिऱ्हाइकाशी काहीतरी बोलायचं म्हणून! — नळ सोडला. तोंड धुतेय ताई त्यांचं. माझा पॅक, माझं गिऱ्हाईक, आणि धुतेय ती. कोमट पाण्याने धुवायचा असतो, तिला काय — तिला माहितीये. तिनेच शिकवलं मला.

या, या! या ना आत, बसा. हीच खुर्ची, मोकळी झालीय आत्ताच. काय करायचं, भुवया? — ताई? ताई नाहीयेत हो. म्हणजे आहेत, वर आहेत, गुडघे धरलेत तिचे. म्हणून जिना उतरवत नाही, डॉक्टरांनी सक्त — तुम्ही माझ्या मागे काय बघताय?