तेल पुरतं व्हतं

माझं माहेर उलव्याकडचं, खाडीकाठचं. आमी मिठागरातली माणसं, आय-बापूस मीठ ओढायचे नि मी डोक्यावर पाटी घेऊन बांधावर टाकायची, शाळा काय ती तीच. लगीन झालं नि पनवेलला आले. काय सांगू तुमाला, आता तिकडं सगळा भराव टाकलाय, गेले तर आमचं मिठागर कुठं व्हतं त्ये मलाच दाखवता येत नाय. पण त्ये जाऊ द्या, तुमी गाडीचं विचारताव ना.

पोरीचा बापूस टुरिस्ट गाडी चालवायचा. गाडीवर लय जीव. रोज सकाळी बॉनेट उघडणार, पाणी बघणार, इंजिनचं तेल बघणार, नि ब्रेकच्या तेलाची ती पांढरी प्लास्टिकची डबी असते ना, तिच्यावर दोन रेघा असतात, तेल त्या रेघांच्या मधी हाय का बघणार, मंग अगरबत्ती. तेल कधी खाली गेलं नाय. त्या दिवशी पण नाय.

माथेरानला पाशिंजर सोडून एकटा खाली उतरत व्हता. उतार तो, पाय सारखा ब्रेकवर, नि एका वळणावर ब्रेक लागलाच नाय. मागचा गाडीवाला मला बोलला, वैनी, हॉर्न वाजवत वाजवत गेला तो, समोरच्यांना बाजूला करत. दुसऱ्या कोणाला खरचटलं पण नाय. भेटायला येणारा जो तो बोलायचा, नशीब, गाडी रिकामी व्हती. रिकामी कशी? माझा माणूस व्हता ना तिच्यात.

त्यांचे मिस्त्री, आमी त्यांना चाचा बोलतो, ते पोलिसांच्या आवारात जाऊन गाडी बघून आले नि आमच्या उंबऱ्यातच बसले. बोलले, भाभी, तेल पुरतं होतं, पण जुनं, काळं पडलेलं. हे तेल हवेतलं पाणी पितं, उतारावर ब्रेक तापला की त्या पाण्याची वाफ होते, मग पाय नुसता खाली जातो. मी विचारलं, चाचा, रोज बघायचा तो, त्याला दिसलं कसं नाय? तर बोलले, तो रेघा बघायचा. नि रंग रोज थोडा थोडा बदलतो भाभी, रोज बघणाऱ्याला तो कळत नाय.

मंग पोरगी नोकरीला लागली नि तिनं जुनी गाडी घेतली. मी चाचांकडं गेले, बोलले, तेल बघायचं मला शिकवा. चाचांनी मला शिकवलं. गाडी सपाट जागेवर, इंजिन थंड, डबीवरची धूळ पुसायची नि मंगच झाकण काढायचं, कचरा आत जाता नये. तेल मधासारखं पिवळं असलं तर चांगलं, कोऱ्या चहासारखं झालं तर गाडी हलवायची नाय. झाकण लगेच लावायचं. पातळी खाली गेली तर वरून ओतून गप नाय बसायचं, मिस्त्रीला दाखवायचं. नि रंग चांगला दिसला तरी दोन वर्सांनी तेल बदलायचंच. मंग ती लांब निघाली की मी बिल्डिंगखाली जाऊन तेल बघायची.

एका रविवारी ती मैत्रिणींना घेऊन महाबळेश्वरला निघाली. मी बघितलं तर तेल कोरा चहा. मी चावी काढून घेतली. काय भडकली ती! आये, अख्खी बिल्डिंग हसते तुला, पप्पा गेले म्हणून मला पण रोज रोज मारणार का तू? मी चाचांना फोन केला. ते आले, तेलात पाणी किती त्ये सांगणारी पेनासारखी मशीन असते, ती त्यांनी तेलात बुडवली, लाल दिवा लागला. पोरगी दिव्याकडं बघतच राहिली. नि हळूच बोलली, चाचा, पप्पांच्या गाडीत पण असाच लागला असता? चाचा बोलले, हो बेटा. तशी ती तिथंच चाकाला टेकून खाली बसली नि रडली. बापूस गेला तवा नव्हती रडली, मला सांभाळत व्हती. मी तिच्या बाजूला जमिनीवर बसले. लोकं वरून बघत व्हती, बघू द्या.

आता तेल तीच बघते, मला डोळ्यांनी कमी दिसतं. गच्चीवरून माथेरानचा डोंगर दिसतो. पयले मी पाठ करून कपडे वाळत घालायची. आता बघते. डोंगराचा काय गुन्हा?

चहा घ्या, निवला. नि गाडीनं आलाव ना, सावकाश जावा, देव तुमाला सुखाचं ठेवो. पण घरी पोचलाव की मला एक फोन करा. कोणपण निघालं ना, की पोचल्याचं कळेपर्यंत मला बसवत नाय.