नुसतं 'व्हय'

चहा प्या आणि मध्ये बोलू नका. गोवा नुकतंच घटकराज्य झालं होतं, तेव्हाची गोष्ट. डिचोलीत पालिकेने खनिजाच्या ट्रकांसाठी रस्ता आखला, तोही आमच्या वाड्यावरची झर बुजवून. उन्हाळ्यात आम्हाला पाणी तेवढंच. आमच्या रहिवासी मंडळाने आरडाओरड केली, तेव्हा नगराध्यक्ष म्हणाले, "बैठकीत या, तुमचं गाऱ्हाणं घाला."

मंडळातल्या शहाण्यांनी नेलं कोणाला, तर भिकूमामाला. देवळात गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं तोच घालायचा, आणि दुसरं गाऱ्हाणं त्याला ठाऊकच नव्हतं. भर बैठकीत उठून त्याने हात जोडले.

"बा झरीच्या राखणदारा, तुझ्या पाण्यार माती पडता हा. ती तू अडव रे महाराजा."

देवळातल्या सवयीने आम्ही ओरडलो, "व्हय महाराजा."

नगराध्यक्ष पोट धरून हसले. "अरे, हें देऊळ न्हय, पालिका."

तेवढ्यात आमच्या पाठीमागून कोणीतरी म्हणालं, "व्हय."

आवाज विहिरीतून यावा तसा. वळून बघितलं, तर मागे नुसती भिंत. भर उन्हाळ्यात ती पाझरत होती.

नगराध्यक्षांचं हसू गेलं. "तुमच्यातलो कोण उलयलो?"

"आमच्यातलो न्हय," मामा खाली बसत म्हणाला. "आम्ही 'व्हय महाराजा' म्हणतो. नुसता 'व्हय' जो म्हणता, तो महाराजा."

रस्ता लांबून गेला. झर आमची राहिली. पण तिथे एकटा पाणी भरायला त्या दिवसापासून आमच्यातलाही कोणी जात नाही.