उभी तार, आडवी तार

पंकजा : मामा, तिथं नको. रेडिओच्या पहिल्या तारेच्या शेजारी दुसरी लावून काही उपयोग नाही.

गहिनीनाथ : अगं, एक टोक लिंबावर बांधलेलंच हाय, दुसरं स्लॅबवरच्या गजाला. तिच्याच जोडीनं हात-दोन हात सोडून दुसरी ताणतो. चहा निवायच्या आत उरकतंय.

पंकजा : उरकेल, पण मग दोन्ही तारा एकाच वेळी गप होतील. काल काय झालं? ह्यांचा आवाज येत होता, मधेच बुडाला, पुन्हा वर आला. तोवर आकडे निघून गेले. शेजारची तारही त्याच क्षणाला बुडाली असती.

भागूबाई : मी म्हनते, दुसरी पायजेच कशाला? येवढे दिस एकीवरनंच ऐकतोय की लेकराला.

पंकजा : ऐकतो, आत्या, पण पुरं नाही. होडी कुठं आहे ते सांगणारे आकडे अर्धेच हाती लागतात. काल मुंबईच्या बचाव कचेरीला मी अर्धेच सांगितले. त्यांनी जहाज वळवलं, ते भलत्याच पाण्यात फिरून आलं.

भागूबाई : नीट बघितलं नसंल त्यांनी.

पंकजा : डोलकाठी मोडलेली होडी आहे. लांबून ती लाटेसारखीच दिसते.

भागूबाई : कल्याण नेव्हीतनं सुटून आला तवा वाटलं, आता वस्तीवर ऱ्हाईल. तर कुना मालकासंगं त्याची शिडाची होडी कोचीवरनं कुठल्या शेशेल का काय त्या बेटाला पोचवायला गेला. आन ह्यांनी त्याला हासून निरोप दिला.

गहिनीनाथ : मी हासलो न्हाई. माझं तोंडच तसलं हाय.

भागूबाई : व्हय, लग्नातबी तसंच हुतं.

गहिनीनाथ : पंकजा, कुठं लावायची ते सांग. दिवस कासराभर ऱ्हायलाय.

पंकजा : एक तर लांब, खालच्या विहिरीपाशी. नाहीतर इथंच, पण उभी.

गहिनीनाथ : उभी म्हंजी?

पंकजा : आपली आहे ती आडवी ताणलेली. दुसरी झेंड्याच्या काठीसारखी सरळ वर. रेडिओच्या लाटा इतक्या लांबून येताना आभाळात उंचावर आपटून खाली येतात आणि वाटेत पीळ खातात. कधी आडव्या तारेला नीट सापडतात, कधी उभीला. एकीला कमी पडलं तर दुसरीला मिळतं.

गहिनीनाथ : आपल्या रानासारखं म्हन की. माझ्या बापानं थोडं रान हितं ठेवलं, थोडं पार डोंगराखाली घेतलं. लोक येडा म्हनायचे त्याला. तो म्हनायचा, हितं पाऊस चुकला तर तिथं पडंल. दोन्ही एका बांधाला असती तर दोन्ही संगंच करपली असती.

पंकजा : अगदी तसंच.

गहिनीनाथ : मग विहिरीपाशीच लावू. लांबची ती लांबची.

पंकजा : मधे लाइटच्या तारा आहेत, मामा. पाइप उभा करताना जरा कलला तर—

भागूबाई : तिकडं कुनी जायचं न्हाई. एक तिकडं पान्यात, एक हितं लायटीच्या तारंखाली. मी कुनाकुनाकडं बघू?

पंकजा : नाही जायचं. खळ्यात उभी करू. तिथं पाइप आडवा पडला तरी लाइटच्या तारेपर्यंत पोचत नाही. बोअरचा प्लास्टिकचा पाइप काढून ठेवलाय, त्यात तार ओवलीय. बुडाशी जमिनीवर चारी बाजूंनी तारा पसरायच्या, त्यांच्याशिवाय उभी तार लंगडी पडते. फक्त शेळ्या बांधा. पाय अडकवतील.

गहिनीनाथ : आन पाइप उभा ऱ्हानार कशावर? दोर ताणून खुट्या मारायच्या तर अंधार पडंल.

पंकजा : तेवढा वेळ नाही आता.

गहिनीनाथ : मग मी धरतो.

पंकजा : सगळा वेळ? वारा सुटलाय.

गहिनीनाथ : जत्रंत देवाची काठी मी धरायचो. ही तर पोकळ हाय.

भागूबाई : तवा वय काय हुतं तुमचं?

गहिनीनाथ : काठीला कुठं वय कळतंय. आन ती केबल हिकडं. मी खळ्यातनं हाळी देतो.

(गहिनीनाथ बाहेर जातात. खोलीत दोन जुने रेडिओ, ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडलेले.)

भागूबाई : पंकजा.

पंकजा : काय, आत्या?

भागूबाई : काल तू म्हनलीस, आवाज हवंत बुडला, कल्याण बोलतच हुता.

पंकजा : हो.

भागूबाई : तुला दिसत हुता का?

पंकजा : नाही.

भागूबाई : मग कशावरनं म्हनलीस?

पंकजा : दोनदा बुडाला तसा दोनदा वर आला ना.

भागूबाई : आन शेवटाला गेला त्यो?

पंकजा : तो नाही आला वर.

भागूबाई : त्यो हवंत बुडला, का कल्याणच...

पंकजा : माहीत नाही. एका तारेवर ते कळत नाही.

भागूबाई : दोन तारांवर कळतंय?

पंकजा : बरंचसं. एक गप झाली आणि दुसरी बोलत राहिली, तर दोष हवेचा.

भागूबाई : आन दोन्ही गप झाल्या तर?

पंकजा : तुम्ही दुपारपासून पाणी प्यायला नाहीत.

भागूबाई : मी पान्याचं इचारलं न्हाई.

पंकजा : एक आडवी, एक उभी. दोन्ही एकदम गप होणं अवघड असतं. झाल्याच, तर बहुतेक बोलणारा थांबलेला असतो.

भागूबाई : म्हनून नको म्हनते मी. काल रातच्याला डोळा लागला त्यो ह्याच जोरावर, की दोष तारंचा हाय. तेवढं बी काढून घ्यायलीस तू माझ्याकडनं.

पंकजा : माझा नाही लागला.

भागूबाई : म्हाईत हाय. सकाळी चहा गाळताना निम्मा वट्यावर सांडलास.

पंकजा : आत्या, त्यांचा सॅटेलाइट फोन पाण्यात गेला. धोक्याची खूण देणारं यंत्र होतं, ते थोडे दिवस चाललं आणि संपलं. रेडिओचा ऐकायचा भागही मेलाय, नुसतं पाठवता येतं. म्हणजे आपण इथं ऐकतोय की नाही हेसुद्धा त्यांना कळत नाही. तरी रोज दिवस मावळायला बसून ते मोर्समध्ये, शिट्टीच्या लांब-आखूड ठोक्यांत, आकडे पाठवतात. आणि बॅटरी रोज उतरतेय. मला भीती वाटते म्हणून मी अर्धेच ऐकू का?

भागूबाई : तुलाबी वाटती व्हय?

पंकजा : ती शिट्टी सुरू होईपर्यंत वाटतं, आज येणारच नाही. सुरू झाली की वाटतं, आता थांबेल.

भागूबाई : मास्तरनीला भ्या वाटत नसंल असं वाटलं हुतं मला.

पंकजा : जामखेडला वर्गात शिकवते तेव्हा नाही वाटत. तिथं समुद्राचं गणित फळ्यावरच असतं.

भागूबाई : उभ्या तारंचा डबा कोनता?

पंकजा : उजवा. डावा आडवीचा.

भागूबाई : मग मी उजव्यापाशी बसते.

गहिनीनाथ : पंकजा, उभा केला गं. नीट हाय का बघ.

पंकजा : नीट आहे, मामा. बोअरची मोटार बंद केलीत ना? तिच्यानं फार खरखर येते.

गहिनीनाथ : बंद हाय. शेजारच्या छबूबाईच्या घरचा बल्बबी बंद करायला लावला. लई बोलली. म्हनती, तुमच्या सुनंला उजेडाचं वावडं हाय का?

भागूबाई : तिला म्हनावं, उद्या ये भांडायला. आता गप ऱ्हा.

पंकजा : आत्या, ऐका.

भागूबाई : काय? मला तर नुसतं पापड तळल्यासारखं ऐकू येतंय.

पंकजा : त्याच्या खाली. बारीक, तुटक शिट्टी. डाव्यात.

भागूबाई : व्हय. त्योच का? दुसरं कुनी नसंल ना?

पंकजा : तेच आहेत. शेवटचा ठोका ओढून सोडायची सवय आहे त्यांना. मला मोर्स शिकवायचे तेव्हा मी चिडवायची त्यावरून.

भागूबाई : काय म्हनतोय?

पंकजा : थांबा. दोघंही आहेत. मालकांना ताप आहे. पाणी थोडं उरलंय.

भागूबाई : दोघं हायेत.

पंकजा : आता आकडे पाठवतायत. उत्तरेकडचे आधी. शून्य, दोन. डावा बुडायला लागला.

भागूबाई : ह्यो बोलतोय. पंकजा, ह्यो उजवा बोलतोय.

पंकजा : ऐकतेय. एक. सहा. पुन्हा तेच पाठवतायत. शून्य, दोन, एक, सहा. उत्तरेकडचं सगळं मिळालं, आत्या. काल हेच गेलं होतं.

भागूबाई : आता डावा वर आला. माझा बारीक झाला.

पंकजा : होऊ दे. असंच चालतं.

गहिनीनाथ : येतंय का काई?

भागूबाई : येतंय. हलू नका तुमी.

गहिनीनाथ : मी कुठं हलतोय, वारा हलवतोय.

पंकजा : बोलू नका कुणी. पूर्वेकडचे. शून्य. सहा. तीन. चार.

भागूबाई : पुढं?

पंकजा : अजून एक यायचाय.

भागूबाई : डाव्यात काई न्हाई.

पंकजा : उजव्यात?

भागूबाई : न्हाई. पंकजा, दोन्हीतबी न्हाई.

पंकजा : थांबा जरा. कधी कधी वेळ लागतो.

भागूबाई : पाइप पडला आसंल. अहो, पाइप सोडला का तुमी?

गहिनीनाथ : न्हाई. धरलाय.

भागूबाई : वाकडा झाला आसंल.

गहिनीनाथ : सरळ हाय. का गं?

भागूबाई : खालच्या तारंत शेळी घुसली आसंल. बघा की.

गहिनीनाथ : शेळ्या दावनीला हायेत. काय झालं तिकडं?

भागूबाई : एकदा म्हना की, सुटला हुता म्हनून.

गहिनीनाथ : भागू, मी दोन्ही हातांनी धरलाय.

पंकजा : आत्या, हात काढा, मी दोन्ही रेडिओंचा काटा जरा बाजूला फिरवते. हे ऐका. हे दुसरंच कुणीतरी आहे, फार लांबचं. डाव्यात येतंय. उजव्यातही येतंय.

भागूबाई : म्हंजी तारा चांगल्या हायेत.

पंकजा : दोन्ही.

भागूबाई : म्हंजी त्योच थांबलाय.

पंकजा : हो.

भागूबाई : परत लाव त्याच्या जागंवर.

पंकजा : लावलं. नाही येत.

भागूबाई : आजून जरा.

पंकजा : आणखी बराच वेळ ठेवू. शेवटी शेवटी शिट्टीचा सूर घसरत होता, तुम्हीही ऐकलात. बॅटरी उतरली की तसं होतं. मी धीर द्यायला म्हणत नाही, कानावर पडलं ते सांगतेय. त्यापुढचं मला माहीत नाही.

भागूबाई : कळल्याबिगर बोलायची न्हाईस तू. बरं हाय.

गहिनीनाथ : पंकजा, पाइप खाली घेऊ का?

भागूबाई : घेऊ नका. हात भरून आले तर मला बोलवा, मी धरते.

गहिनीनाथ : भरून न्हाई आले.

भागूबाई : आकडे किती घावले?

पंकजा : शेवटचा सोडून सगळे.

भागूबाई : एक ऱ्हायला. मग पुन्हा भलत्याच पान्यात जायचं का त्ये जहाज?

पंकजा : नाही. काल मधले आकडे गेले होते. खर्ड्याचा माणूस सोलापुरात शोधावा तसं झालं. आज फक्त टोकाचा गेलाय. तो शून्य असेल, नऊ असेल किंवा मधला कुठला. म्हणजे होडी एकाच ओळीवर आहे, तिच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठंतरी.

भागूबाई : ती ओळ केवढी?

पंकजा : इथून जामखेड. त्याहून थोडी कमीच.

भागूबाई : जामखेड?

पंकजा : हो. फोन लावते मुंबईला.

भागूबाई : कल्याण पोटात हुता तवा एकदा यष्टी चुकली. तेवढं मी चालत गेल्ते, दवाखान्याला.

पंकजा : लागलाय फोन, आत्या. उचलतील आता.

भागूबाई : सांग त्या साहेबाला. लई लांब न्हाई म्हनावं.