राजपुत्रांचा मामा

शोकांतिका मला नीट कुणी शिकवली असेल, तर आईने. ती शाळेत कधी गेली नाही, ते सोडा.

एकाहत्तर-बाहत्तरची गोष्ट. कॉलेजात आम्हाला एक जुनं नाटक अभ्यासाला होतं. दोन सख्खे राजपुत्र गादीसाठी भांडतात आणि शेवटी एकमेकांच्या तलवारीने मरतात. नापास झालास तर कॉलेज बंद, असं वडिलांनी बजावलेलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी कोल्हारला घरी ओट्यावर बसून मोठ्याने उजळणी करत होतो. आई शेजारी शेंगा फोडत होती.

"त्या पोरांचा मामा कुठं हाय?" तिने विचारलं.

"आहे शेजारच्या राज्यात. पण त्याला कुणी बोलावत नाही."

"मंग मरनारच की. मामा मधी बसल्याबिगर वाटनी हुती का कुठं?"

दुसऱ्या दिवशी प्रश्न आला, या शोकांतिकेला जबाबदार कोण? नियती, स्वभावदोष, पाठ केलेलं सगळं गायब. मग मी बेधडक चार पानं मामावर लिहिली. माझ्या थोरल्या भावांची वाटणी आमच्या मामाने आवाज न चढवता, एका बैठकीत कशी मिटवली, तेही लिहिलं.

आठवड्याने सरांनी बोलावलं. हातात माझा पेपर.

"हे मत कुठल्या टीकाकाराचं?"

"आमच्या आईचं, सर. आणि ते बरोबर आहे."

सरांनी उठून दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाले, "आम्हा भावांना मामा नाही रे. तुझे मामा रविवारी मोकळे आहेत का?"