युद्ध संपलं, आता निघा

अमेरिकेत, फ्रीमाँटच्या फार्मसीत लसीच्या रांगेत मागून मराठी ऐकू आलं, तशा पद्मजाताई खोकल्याची बाटली वाचायचं नाटक करत कान देऊन उभ्या राहिल्या. एक तरुण डॉक्टर परदेशातल्या मदत-छावणीतून परतली होती आणि तिचे काका उलटतपासणी घेत होते.

"हर्षिता, तुमच्या संस्थेला हाकललं का पण?"

"तिथलं सरकार म्हणालं, युद्ध संपलं. म्हणजे आता जखमी कोणीच नाही."

"आणि तंबूतले पेशंट?"

"ते म्हणे अपप्रचार करत होते. पाय तुटलेलेसुद्धा!"

"मग संस्थेने काय केलं?"

"तीव्र निषेध. आम्ही बॅगा भरल्या."

"तरी तुला यायला एवढा उशीर?"

"एअरपोर्टवर पोलीस आले, काका. मला वाटलं, अटक! तर मंत्र्यांच्या मुलीचं बाळंतपण अडलेलं. सिझेरियन करायला दुसरं कोणी उरलंच नव्हतं. बाकीचे डॉक्टर त्यांनीच प्लेनमध्ये बसवलेले."

"मग? आई, बाळ?"

"दोघं ठणठणीत."

"म्हणजे मंत्र्याने ऑर्डर कॅन्सल केली असेल!"

"छे! मुदत वाढवून दिली. टाके काढेपर्यंत."

"एवढंच?"

"शेवटचा टाका मला आठवडाभर सापडेना, काका. तोवर तंबूतली बरीच ऑपरेशनं उरकली."