भोंग्यातला आवाज

—नाही हो बाई, च्योफ नाही मिळायचा, अख्खी गेत न्दारची कोळीवस्ती पालथी घातलीत तरी नाही मिळायचा. ही धुरी दिलेली मासळी न्या, नाहीतर खारवलेली न्या. च्योफ मासा राहतो समुद्रातल्या खडकात, आणि खडकावर आता कंपनी बसलीय. तुमच्या डाकारला तर रेडिओवर रोज सांगत असतील — सेनेगालचा गॅस निघाला, जग वाट बघतंय, युरोपातली घरं हिवाळ्यात आपल्या गॅसवर तापणार. तापू देत. थंडी वाईटच. माझं काही म्हणणं नाही — माझा मुलगाच आहे की कंपनीत! बिराम. राखणीच्या बोटीवर. निळा गणवेश, पायात बूट — आमच्या कोळ्याच्या पोराच्या पायात बूट, बघा म्हणजे! त्यांनी त्या लोखंडी फलाटाभोवती हद्द आखली ना, आत होडी यायची नाही म्हणून. पण गोरा माणूस भोंग्यातून ओरडला की आमचे लोक नुसते हसायचे. मग त्यांनी इथलीच पोरं घेतली, आपल्या भाषेत ओरडायला. बिराम अंगानं किरकोळ, पण आवाज बापाचा. तो आवाजच त्यांनी नोकरीला ठेवला म्हणा ना.

बाप म्हणजे मासांबा, माझा नवरा. तांडेल होता. हद्द आखली तेव्हा म्हणाला, "पाण्यावर रेघ कशी मारतात ते एकदा दाखवा तरी मला." सगळे हसले. तरी पाळली हो त्यानं ती रेघ, बरेच महिने पाळली. इकडे तिकडे जाळं टाकायचा, पेट्रोल जाळायचा आणि नेलेला बर्फ तसाच परत आणायचा. मग तबास्कीचा सण तोंडावर आला, घरात बकरा नाही, आणि एका सकाळी तो गेला खडकावर. बरोबर माझा भाऊ लाय. हे सगळं लायनं सांगितलं मला. गळ टाकले, पहिला च्योफ वर आला, तेवढ्यात राखणीची बोट आली आणि भोंगा वाजला — "पिवळी होडी! मागे फिरा!" आवाज कळायला काय वेळ लागतो? लाय म्हणतो, मासांबा हसला. खरंच हसला, हात उंच केला — "बिराम, अरे मी आहे, मी!" तर भोंगा पुन्हा — "पिवळी होडी, शेवटचं सांगतोय, मागे फिरा!" बाबा नाही म्हणाला. पिवळी होडी म्हणाला.

उन्हाची तिरीप होती, ओळखलं नसेल — असं लोक म्हणतात. मीपण तेच म्हणते. पण होडीवर माझं नाव होतं हो, सोखना, लाल अक्षरांत, या टोकापासून त्या टोकापर्यंत — बिरामनंच रंगवलेलं. आपलं अक्षर कुणाला कळत नाही का? कळलं त्याला. मागे साहेब उभा असेल, नोकरी नवी होती, सगळं असेल. पण कळलं.

मासांबानं नांगर काढला. घरी आला, पाय धुतले, जेवला. संध्याकाळी बिराम तांदळाचं पोतं घेऊन दारात उभा. तर हा म्हणतो, "दिवसभर ओरडून घसा बसला असेल तुझा. सोखना, पोराला आल्याचं सरबत दे." एवढंच. टोमणा होता की माया होती, मला अजून कळलेलं नाही. दोन कानाखाली वाजवल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर तो खडकाकडे फिरकला नाही. उत्तरेला जायचा, लांब, त्याच्या ओळखीच्या नसलेल्या पाण्यात. पावसाळ्याच्या तोंडावर वारा फिरला आणि होडी उलटली. लायला दुसऱ्या होडीनं उचललं. मासांबा मिळालाच नाही. आमच्याकडे कोळ्याच्या कबरीवर त्याचं जाळं पांघरतात. आता कबरच नाही, तर ते कशावर घालू? पडलंय घरात. शोधायला राखणीची बोटही गेली होती. बिराम भोंगा तोंडाला लावून उभा, आणि दिवस मावळेपर्यंत नुसतं — बाबा! बाबा! सगळ्या होड्यांनी ऐकलं. पाण्याला कान असते तर—

काय? कंपनीत आहे म्हणाले मी मघाशी? होता. सोडली नोकरी, त्याच आठवड्यात. आता समुद्राकडे बघत नाही तो. हे काय, इथेच आहे, भिंतीपलीकडे, माझ्या भट्टीची लाकडं फोडतोय. बोलतो ना आम्ही. मीठ, लाकूड, तांदूळ, सगळं बोलतो. तो विषय निघाला की मी म्हणते, "ऊन होतं बाळा, तुला दिसलं नसेल." तो मान डोलावतो. तेवढ्यावर चाललंय आमचं, मी तसं म्हणायचं आणि त्यानं—

थांबा. कुऱ्हाड थांबली.

कधीपासून थांबलीय? मी "कळलं त्याला" म्हणाले तेव्हा चालू होती का? — नाही, पैसे राहू देत. ती मासळी उचला आणि जा बाई. जा म्हणते ना. बिराम? बिराम, अरे—